दोन हेर, दोन न्याय

(सत्यशोधक समाजाच्या स्थापनादिनीं गांवच्या वाचनालयांत एका प्राथमिक शिक्षकानें केलेलें भाषण)



आज २४ सप्टेंबर. १८७३ सालीं याच दिवशीं महात्मा जोतीराव फुले यांनीं पुण्यास सत्यशोधक समाज स्थापन केला. अशा दिवशीं जोतीरावांच्या चरित्रावर बोलावें अशी रीत आहे, व ती योग्यच आहे. पण दरवर्षीं तेंच भाषण ऐकावें, टाळ्या वाजवाव्या, आणि घरीं जाऊन सत्यनारायणासाठीं भटजीला निरोप धाडावा, असाहि आपल्यांतील पुष्कळांचा परिपाठ आहे. म्हणून आज मीं जरा लांबचा विषय घेतला आहे. समुद्रापलीकडे, अमेरिका देशांत, सुमारें अडीचशें वर्षांपूर्वीं होऊन गेलेल्या दोन हेरांची हकीकत मी आपणांस सांगणार आहें. विषय लांबचा वाटला तरी त्याचें टोक शेवटीं आपल्याच उंबऱ्याशीं येऊन टेकतें, हें आपल्या ध्यानांत येईल.

हेर म्हटला कीं आपल्या मनांत प्रथम तिटकारा येतो. चोरपावलांनीं यावें, वेष पालटावा, गोड बोलून दुसऱ्याच्या पोटांतलें काढून घ्यावें, हें काम भल्या माणसाचें नव्हे अशी समजूत आहे. शिपाई रणांत पडला तर त्याला वीरगति. हेर सांपडला तर त्याला फांशीचा दोर. पण ज्यांनीं राज्यें कमावलीं त्यांना हेराची किंमत ठाऊक होती. शिवछत्रपतींनीं १६६४ च्या जानेवारींत सुरत मारली ती कांहीं अंदाजानें नव्हे. तेथील खबर आणणाऱ्या बहिर्जीचें नांव सभासदानें आपल्या बखरींत घेतलें आहे. रामोशी समाज बहिर्जी नाइकांना आपला मानतो, आणि सांगली जिल्ह्यांत बाणूरगडावर त्यांची समाधि दाखवितात. पण एवढ्या मोठ्या कामाच्या माणसाविषयीं लेखी मजकूर किती? हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या ओळी! ज्यांच्या खबरेवर मोहिमा निघाल्या ते दंतकथेंत राहिले. आणि दप्तर ज्यांच्या हातीं होतें त्यांचीं घराणीं सनदा-शिक्क्यांसह उजेडांत आलीं. ही गोष्ट मनांत ठेवा. पुढें ती उपयोगी पडेल.

आतां पहिल्या हेराकडे वळूं. त्याचें नांव नेथन हेल.

अमेरिकेंत तेव्हां इंग्रजांच्या तेरा वसाहती होत्या. त्यांपैकीं कनेटिकट नांवाच्या वसाहतींत, कॉव्हेंट्री या गांवीं, ६ जून १७५५ रोजीं एका शेतकऱ्याच्या घरीं नेथनचा जन्म झाला. घरांत बारा भावंडें. नेथन बारा वर्षांचा असेल नसेल तोंच आई वारली. बाप धर्मनिष्ठ व कष्टाळू. मुलगा बुद्धीचा तल्लख दिसला म्हणून चौदाव्या वर्षीं त्याला थोरल्या भावाबरोबर येल येथील कॉलेजांत घातलें, आणि १७७३ सालीं तो पदवीधर झाला.

त्या पदवीदान समारंभांतील एक प्रसंग आपल्या माताभगिनींनीं अवश्य ऐकावा असा आहे. समारंभांत वादाचा एक विषय ठेविला होता. मुलांच्या मानानें मुलींच्या शिक्षणाची जी हेळसांड होते, ती कांहींएक न्याय्य कारण नसतां होते कीं काय? नेथन मुलींच्या बाजूनें उभा राहून बोलला, आणि त्यानें बाजी मारली असें त्याच्या स्नेह्यांनीं नमूद केलें आहे. वर्ष लक्षांत घ्या : १७७३. यानंतर बरोबर शंभर वर्षांनीं आपला समाज स्थापन झाला. जोतीराव आणि सावित्रीबाई यांनीं पुण्यांत मुलींची शाळा काढली ती १८४८ सालीं. म्हणजे प्रश्न एकच, आणि तो दोन खंडांत दोन वेळां विचारावा लागला. हेलला त्याच्या भाषणाबद्दल टाळ्या मिळाल्या. सावित्रीबाईंच्या अंगावर शेणमाती पडली. एवढा फरक मात्र खरा.

पदवी घेऊन हेलनें काय केलें? तो मास्तर झाला. आधीं ईस्ट हॅडम येथें, आणि मग न्यू लंडन या बंदराच्या गांवीं. न्यू लंडनच्या शाळेंत सुमारें तीस मुलगे होते. शिवाय १७७४ च्या उन्हाळ्यांत पहांटे पांच ते सात या वेळांत वीसेक तरुण मुलींचा निराळा वर्ग तो चालवीत असे. हें त्यानें आपल्या चुलत्यास लिहिलेल्या पत्रांत सांगितलें आहे. सभेंत मुलींच्या बाजूनें बोलणारे पुष्कळ. पहांटे पांच वाजतां उठून त्यांना शिकविणारे थोडे. मी स्वतः पाटीपेन्सिलीच्या धंद्यांतला असल्यानें मला ह्या मनुष्याची फांशी जितकी मोठी वाटते तितकाच हा पहांटेचा वर्गहि मोठा वाटतो.

१७७५ च्या एप्रिलांत वसाहतवाले आणि इंग्रजी फौज यांच्यांत बंदुका सुटल्या. जुलैंत हेल शाळा सोडून लेफ्टनंट झाला, आणि पुढच्या वर्षीं कॅप्टन. १७७६ च्या ४ जुलैला वसाहतींनीं स्वातंत्र्याचा जाहीरनामा काढला खरा, पण कागदानें राज्य मिळत नाहीं. २७ ऑगस्टला लाँग आयलंडच्या लढाईंत अमेरिकन सैन्य मोडलें. सेनापति वॉशिंग्टन उरलेले लोक घेऊन न्यूयॉर्कच्या बेटावर कसाबसा परतला. समोर इंग्रजांचें प्रचंड आरमार. तें कोठें उतरणार, केव्हां उतरणार, याची कांहींच खबर नाहीं. शत्रूच्या गोटांत कोणी तरी जाणें भाग होतें. पण जावें कोणी? मरणाला न भिणारे पुष्कळ होते. हेर म्हणून बेअब्रूचें मरण यावें याला मात्र ते भीत होते.

हेलनें आपण होऊन होकार दिला. तेव्हां विल्यम हल नांवाचा त्याचा कॉलेजांतला मित्र त्याला समजावूं लागला कीं, बाबा, हें काम तुझ्यासारख्याच्या इभ्रतीला शोभत नाहीं. त्यावर हेलनें दिलेलें उत्तर हलनें पुढें लिहून ठेविलें. त्याचा आशय असा कीं, लोककल्याणासाठीं जें काम अवश्य आहे तें अवश्य आहे एवढ्यावरूनच मानाचें ठरतें.

मंडळी, हें एक वाक्य मी आमच्या शाळेच्या भिंतीवर लिहावें म्हणतों. कारण आपल्या देशांत शास्त्र लिहिणाऱ्यांनीं नेमकें याच्या उलट केलें. जें काम अत्यंत अवश्य, तें करणारा नीच! मेलेलें ढोर ओढणारा नीच, कातडें कमावणारा नीच, गांव झाडणारा नीच, वेशीवर रात्रभर जागणारा नीच. आणि ज्याच्यावांचून कोणाचेंहि कांहीं अडत नाहीं असा होम-धूर करणारा तेवढा श्रेष्ठ! काम अवश्य म्हणून करणाऱ्याला मान द्यावा कीं नाहीं, हाच आपल्या चळवळीचा मूळ प्रश्न आहे.

असो. हेल नॉर्वॉक येथून रात्रीं गलबतांतून खाडी ओलांडून लाँग आयलंडवर हंटिंग्टनला उतरला. सोंग कोणतें घेतलें? नोकरी शोधणाऱ्या शाळामास्तराचें. अंगावर साधे तपकिरी कपडे, आणि खऱ्या पदवीचा कागद बरोबर. सोंग असें कीं त्यांत खोटें फारच थोडें. पण तो शत्रूच्या मुलखांत हिंडत आहे तोंच १५ सप्टेंबरला इंग्रज न्यूयॉर्कच्या बेटावर किप्स बे येथें उतरलेहि. म्हणजे जी खबर आणावयाची तीच शिळी झाली. तरी तो लागलीच परतला नाहीं. २१ सप्टेंबरच्या पहांटे न्यूयॉर्क शहराला मोठी आग लागली; इंग्रज अधिकारी चवताळले; आणि त्याच दिवशीं हेल सांपडला.

तो सांपडला कसा, याची एक हकीकत अलीकडे उजेडांत आली आहे. कन्सिडर टिफनी नांवाच्या इंग्रजपक्षीय दुकानदाराचें जुनें हस्तलिखित अमेरिकेच्या सरकारी ग्रंथालयाकडे आलें, व २००३ सालीं त्यांतील माहिती प्रसिद्ध झाली. तींत असें आहे कीं, इंग्रजांकडील मेजर रॉबर्ट रॉजर्स यानें हेलला हेरलें. मीहि तुमच्याच पक्षाचा आहें, शत्रूच्या मुलखांत अडकून पडलों आहें, असें भासवून त्यानें हेलला जेवायला बोलाविलें. मास्तर बिचारा सरळ. त्यानें मन मोकळें केलें, आणि बाहेर शिपाई उभेच होते!

इंग्रज सेनापति विल्यम हौ यानें चौकशी नाहीं, खटला नाहीं, दुसऱ्या दिवशीं सकाळीं फांशी द्या असा हुकूम केला. त्या सकाळीं तयारी होईपर्यंत माँट्रेसर नांवाच्या एका इंग्रज इंजिनिअरानें त्याला आपल्या तंबूंत बसूं दिलें, लिहावयास कागद दिला. हेलनें दोन पत्रें लिहिलीं. तीं घरीं पोंचलीं नाहींत. धर्मोपदेशक मागितला, तो मिळाला नाहीं. बायबल मागितलें, तेंहि मिळालें नाहीं. २२ सप्टेंबर १७७६ रोजीं तो फांशी गेला. वय वर्षें एकवीस. देशासाठीं द्यावयास आपल्याजवळ एकच जीव आहे एवढीच खंत, अशा अर्थाचे शेवटचे शब्द त्याच्या तोंडीं सांगतात. ते माँट्रेसरनें अमेरिकन गोटांत येऊन हलला सांगितले, आणि हलकडून जगाला कळले. नेमके शब्द कसेहि असोत, तो किती धीरानें मेला याला साक्ष शत्रूचीच आहे. मॅकेन्झी नांवाच्या इंग्रज अधिकाऱ्यानें आपल्या रोजनिशींत त्याच्या शांतपणाची व निश्चयाची नोंद केली आहे. त्याचें प्रेत कोठें पुरलें याचा मात्र आजवर पत्ता नाहीं.

येथें एक रोकडा प्रश्न विचारला पाहिजे. हेलनें आणलेल्या खबरेचा देशाला उपयोग काय झाला? कांहीं नाहीं. खबर पोंचलीच नाहीं. हेरगिरीचें शिक्षण नाहीं, सांकेतिक लिपि नाहीं, मदतीला माणूस नाहीं, अशा स्थितींत एका सरळ तरुणाला पाठविलें हा त्याला पाठविणारांचा दोष. वॉशिंग्टन त्यावरून शहाणा झाला. १७७८ सालीं हेलचाच सहाध्यायी बेंजामिन टॉलमॅज याच्या हातून न्यूयॉर्कमध्यें हेरांची एक गुप्त सांखळी उभी राहिली. तींत खोटीं नांवें होतीं, आंकड्यांची भाषा होती, न दिसणारी शाई होती. हेलच्या मरणानें एवढें शिकविलें.

पण त्याची कीर्ति पहा! न्यूयॉर्कमध्यें १८९३ सालीं त्याचा पुतळा झाला. येल येथें १९१४ सालीं झाला. त्या पुतळ्याची प्रतिकृति १९७३ सालीं अमेरिकेच्या गुप्तहेर खात्याच्या मुख्य कचेरीसमोर उभी राहिली. १९८५ सालीं कनेटिकटच्या सरकारनें त्याला राज्याचा वीर म्हणून कायद्यानें गौरविलें. त्यानें ज्या दोन शाळांत शिकविलें त्या इमारती जतन करून ठेविल्या आहेत. त्याच्या हयातींत काढलेलें त्याचें चित्र नाहीं. शिल्पकारांनीं मनानेंच चेहरा घडविला. या सन्मानाबद्दल मला मुळींच वाईट वाटत नाहीं. एका मास्तराचा पुतळा राजधानीजवळ उभा राहावा याचा मला आनंदच आहे. पण त्याचें नांव राहिलें कां, हें नीट समजून घ्या. त्याचे मित्र पदवीधर होते. हलनें लिहिलें, इतरांनीं लिहिलें, शाळेंतल्या पुस्तकांत धडा आला. लेखणी ज्याच्या ओळखीची, कीर्ति त्याच्या शेजारची.

आतां दुसरा हेर. त्याचें नांव नुसतें जेम्स. आडनांव नाहीं, कारण तो गुलाम होता. व्हर्जिनिया प्रांतांतील न्यू केंट परगण्यांत विल्यम आर्मिस्टेड नांवाच्या जमीनदाराच्या मालकीचा. गाय-बैलांच्या यादींत जसा आंकडा पडावा तसा मालमत्तेंत त्याचा आंकडा.

१७८१ सालीं युद्ध व्हर्जिनियांत आलें. अमेरिकनांच्या मदतीला आलेला लाफाएत हा फ्रेंच सरदार तेथें सेनापति होता. वय अवघें तेवीस. मालकाची परवानगी घेऊन जेम्स त्याच्याकडे कामाला लागला, आणि लाफाएतच्या सांगण्यावरून इंग्रजांच्या छावणींत शिरला. त्याला वेष पालटावा लागला नाहीं. काळा चाकर हाच त्याचा वेष. खाणेंपिणें आणावें, ताटें उचलावीं, वाट दाखवावी. मेजावर नकाशे पसरलेले असत, अधिकारी बेत बोलत असत, आणि हा मागें उभा. गुलामाला कान असतात, अक्कल असते, हें त्या लोकांच्या ध्यानींमनींहि येत नसे. ज्यांना माणसांत धरलें नाहीं त्यांच्यासमोर सत्ताधारी बेसावध असतात. आपल्याकडच्या वाड्यांच्या ओसऱ्यांवरसुद्धां हाच प्रकार चाले, हें आपल्या आजोबा-पणजोबांना ठाऊक होतें.

इंग्रज सेनापति लॉर्ड कॉर्नवालिस याचा जेम्सवर इतका विश्वास बसला कीं, अमेरिकनांची खबर आणण्यासाठीं त्यानें उलट यालाच हेर नेमलें. जेम्स दोन्हीं छावण्यांत ये-जा करूं लागला. खरी खबर मात्र एकाच बाजूला देई. कॉर्नवालिस यॉर्कटाउन येथें ठाण मांडून बसला. जमिनीवरून वॉशिंग्टन व फ्रेंच यांनीं आणि समुद्रावरून फ्रेंच आरमारानें त्याला कोंडला. आणि १९ ऑक्टोबर १७८१ रोजीं सात हजारांहून अधिक लोकांसह त्यानें शस्त्रें खालीं ठेविलीं. अमेरिकेचें स्वातंत्र्य त्या दिवशीं निश्चित झालें. त्यानंतर कॉर्नवालिस लाफाएतच्या गोटांत गेला असतां तेथें आपलाच चाकर उभा पाहून तो चकित झाला, असें सांगतात.

एका हेराची खबर पोंचली नाहीं. दुसऱ्याच्या खबरेनें लढाई जिंकण्यास हात लावला. दुसऱ्याला बक्षीस काय मिळालें? तो परत मालकाच्या घरीं गुलामींत गेला!

१७८३ सालीं व्हर्जिनियानें एक कायदा केला. मालकाच्या बदलीं जे गुलाम शिपाई म्हणून लढले त्यांना मुक्त करावें. जेम्सला तो लागू झाला नाहीं. कारण काय? तूं शिपाई नव्हतास, हेर होतास. पहा कायद्याची खुबी! शत्रूनें पकडला असता तर हेर म्हणून फांशी ठरलेली. आणि स्वकीयांकडे हक्क मागितला तर हेर म्हणून नकार. १७८४ च्या नोव्हेंबरांत लाफाएतनें स्वहस्तें दाखला लिहून दिला कीं, या माणसानें शत्रूच्या छावणींतून महत्त्वाच्या खबरा मेहनतीनें मिळवून इमानानें पोंचविल्या. तरी आणखी दोन वर्षें गेलीं. मालकानेंहि अर्जाला पाठिंबा दिला. अखेर ९ जानेवारी १७८७ रोजीं विधिमंडळानें त्याला मुक्त केलें, आणि मालकाला सरकारी तिजोरींतून त्याची किंमत चुकती केली. नुकसानभरपाई मालकाला; इतकीं वर्षें ज्याची मजुरी बुडाली त्याला नाहीं.

मुक्त झाल्यावर त्यानें आपलें नांव जेम्स लाफाएत असें घेतलें. आज पुष्कळ पुस्तकांतून त्याला जेम्स आर्मिस्टेड म्हणतात, म्हणजे त्यानें न निवडलेलें मालकाचें नांव त्याच्या मागें लावतात. १८१९ सालीं व्हर्जिनियानें त्याला तातडीची मदत म्हणून साठ डॉलर व सालीना चाळीस डॉलर पेन्शन दिलें. १८२४ सालीं म्हातारा लाफाएत अमेरिकेच्या दौऱ्यावर आला असतां त्यानें गर्दींत जेम्सला ओळखलें आणि मिठी मारली.

आणि पराभूत कॉर्नवालिसचें काय झालें? जेम्स मुक्तीसाठीं अर्ज करीत होता त्याच १७८६ सालीं कॉर्नवालिस हिंदुस्थानचा गव्हर्नर-जनरल होऊन कलकत्त्यास उतरला! पेशवे आणि निजाम यांना बरोबर घेऊन त्यानें टिपूवर युद्ध केलें व १७९२ सालीं त्याचें अर्धें राज्य काढून घेतलें. १७९३ सालीं त्यानें बंगाल्यांत कायमधाऱ्याची पद्धति आणून जमीनदारांना रयतेच्या उरावर बसविलें, आणि कंपनीच्या वरच्या जागा एतद्देशीयांना बंद केल्या. १८०५ सालीं तो गाझीपूरला मेला. तेथें त्याची मोठी कबर आहे. मुंबईंतहि त्याचा संगमरवरी पुतळा बसविण्यांत आला होता. तो आतां भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारांत आहे. एका गुलामानें ज्याला फसविलें त्या लॉर्डसाहेबाचा पुतळा आपल्या मुंबईनें पाहिला. त्या गुलामाचें नांव आपल्यापैकीं किती जणांनीं आजपूर्वीं ऐकलें होतें?

कोणी विचारील कीं, हा जेम्स इंग्रजांकडेच कां राहिला नाहीं? प्रश्न रास्त आहे. १७७५ च्या नोव्हेंबरांत व्हर्जिनियाचा इंग्रज गव्हर्नर डनमोर यानें जाहीर केलें होतें कीं, बंडखोरांचे जे गुलाम आमच्याकडून लढतील ते मुक्त. हजारों गुलाम त्या आशेनें इंग्रजांकडे गेले. त्यांना देशद्रोही म्हणण्याची माझी जीभ होत नाहीं. ज्याला देशानें माणूस मानलें नाहीं त्याच्याकडे देशभक्तीचा हिशेब मागणें हा निलाजरेपणा आहे. पण इंग्रजांचाहि कळवळा खरा नव्हता. डनमोर स्वतः गुलामांचा मालक होता. आणि यॉर्कटाउनच्या वेढ्यांत अन्न कमी पडलें, देवी पसरल्या, तेव्हां इंग्रजांनीं याच काळ्या लोकांना छावणीबाहेर हांकलून दिलें. तिकडे स्वातंत्र्याचा जाहीरनामा ज्यांनीं लिहिला व ज्यांनीं राखला, त्यांच्याहि घरीं गुलाम होते.

आपल्या चळवळीवर एके काळीं असाच आरोप होत असे : हे ब्राह्मणेतर इंग्रजधार्जिणे आहेत, यांना स्वराज्य नको. आपले पुढारी विचारीत, स्वराज्य कोणाचें? पेशवाईसारखेंच असेल तर त्यांत आम्हीं कोठें उभें राहावें? मग १९३० नंतर केशवराव जेध्यांसारखे पुढारी काँग्रेसांत जाऊन तुरुंगांत गेले. म्हणजे स्वातंत्र्य हवेंच होतें. पण तें वेशीच्या आंतल्यापुरतें नको होतें. जेम्सनेंहि तेंच केलें. देशाचें काम केलें, आणि मग त्याच देशाच्या दारांत पांच वर्षें उभें राहून आपला वाटा मागितला. माझ्या मतें त्याच्या देशभक्तीची खरी कसोटी फौजेंत नव्हे, त्या अर्जांत लागली.

आतां एक कडू गोष्ट सांगणें प्राप्त आहे. ती गाळली तर सत्यशोधक हें नांव आपण लावूं नये. मुक्त झाल्यावर जेम्सनें चाळीस एकर जमीन घेतली, शेती केली. आणि जुन्या कर-नोंदींवरून दिसतें कीं त्यानेंहि गुलाम बाळगले. ज्यानें साखळीचा काच सोसला त्यानेंच दुसऱ्याला साखळी घातली! हें ऐकून कोणी जेम्सवर बोट रोखील, तर आधीं आपल्या गांवाकडे पाहा. आपण भटशाहीविरुद्ध बोललों, शाहूमहाराजांच्या कृपेनें शिकलों, बोर्डांत निवडून आलों, साखरेच्या कारखान्याचे सभासद झालों. मग आपल्याच गांवांत पुष्कळ ठिकाणीं मसणवटा अजून वेगळा कां? महारा-मांगाच्या पोराचें लग्न आपल्या पोरीशीं ठरलें तर कोयते कोण काढतो? तेथें भटजी येत नाहीं, आपणच असतों. वरच्याच्या पायाखालून सुटणें ही अर्धी मुक्ति. खालच्याच्या मानेवरून पाय काढणें ही उरलेली अर्धी.

जोतीरावांना हें पक्कें ठाऊक होतें. अमेरिकेंत १८६५ सालीं गुलामगिरी कायद्यानें बंद झाली. त्यानंतर आठ वर्षांनीं, १८७३ सालीं, जोतीरावांनीं ‘गुलामगिरी’ हें पुस्तक प्रसिद्ध केलें, आणि निग्रो गुलामांना मुक्त करण्यासाठीं झटलेल्या अमेरिकेंतील सदाचारी लोकांना तें अर्पण केलें. पुण्यांतल्या माळ्याच्या पोरानें समुद्रापलीकडच्या काळ्या माणसांचें दुःख ओळखलें, तें शूद्र आणि अतिशूद्र ह्या दोघांना एकाच दावणीचीं गुरें समजून. त्यांतून अतिशूद्राला वगळण्याचा अधिकार आपल्याला त्यांनीं दिलेला नाहीं. १८६९ सालीं त्यांनींच छत्रपतींचा पोवाडा लिहिला. कां? आपला इतिहास आपण लिहिला नाहीं तर दुसरा लिहितो, व त्यांत आपण ताटें उचलणारे चाकर म्हणूनच दिसतों, हें त्यांनीं ओळखलें होतें.

म्हणून माझें आपणांकडे तीन गोष्टींचें मागणें आहे. पहिली ही कीं, प्रत्येक गांवानें एक वही घालावी. गडावर कोण होतें, भूमिगतांना भाकरी कोणी नेली, निरोप कोणी पोंचविले, हीं नांवें, जातीचा विचार न करतां, म्हाताऱ्या माणसांच्या तोंडून उतरून घ्यावीं. बाया-माणसांचीं नांवें तर आधीं घ्यावीं. दुसरी ही कीं, ज्या मुलींची शाळा घरकामामुळें सुटली त्यांच्यासाठीं वाचनालयानें रोज दोन तासांचा वर्ग काढावा. शिकविण्याचें काम मी व माझे सोबती विनावेतन करूं; हेलनें पहांटे पांचला केलें, आम्ही सायंकाळीं सातला करूं. तिसरी आणि अवघड ती ही कीं, गांवचा मसणवटा एक करण्याचा ठराव पुढच्या ग्रामसभेंत आपल्यापैकीं कोणी तरी मांडावा, आणि मांडणारा दलित वस्तींतला नसावा. हक्क मागण्याचें काम नेहमीं त्यांनींच करावें आणि आपण माना डोलवाव्या, हें आतां पुरे.

हेल मेला तेव्हां आपला उपयोग झाला नाहीं हें त्याला कळून चुकलें असेल. तरी तो डगमगला नाहीं. जेम्सचा उपयोग झाला आणि मोबदला मिळाला नाहीं. तरी त्यानें मागणें सोडलें नाहीं. पहिल्याकडून आपण मरणाचा धीर घेऊं, दुसऱ्याकडून मागण्याचा. आणि दुसऱ्याच्या घरांतला गुलाम आपल्या घरांत असूं देणार नाहीं. ठराव कोण मांडणार त्यानें सभा संपल्यावर अध्यक्षांकडे नांव द्यावें. मीं माझें नांव अनुमोदक म्हणून दिलें आहे.

 सत्यमेव जयते.